लांडग्याचा वाटा

श्वापदांच्या सहवासांत राहणाऱ्या मनुष्यांचा विषय निघाला म्हणजे आमच्या सुशिक्षित वाचकाच्या मनांत प्रथम ज्या कथा उभ्या राहतात, त्या बहुधा दुरून आलेल्या असतात. रोम शहर वसविणाऱ्या रोम्युलस आणि रीमस या जुळ्या भावांस लांडगीनें दूध पाजलें, ही कथा इंग्रजी शाळेंत शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन यानें अयोध्या प्रांतांत लांडग्यांनीं वाढविलेल्या मुलांच्या हकीकती गोळा करून १८५२ सालीं एक पुस्तिका छापविली. किप्लिंगनें १८९४ सालीं ‘जंगल बुक’ लिहून तीच कल्पना घरोघर नेली. १९२० सालीं मिदनापूरकडे रेव्हरंड सिंग यांस लांडग्यांच्या बिळांत दोन मुली सांपडल्याची वार्ता तर कित्येक वर्षें मानसशास्त्राच्या पुस्तकांतून शिकविली जात होती. पुढें तिची छाननी झाली आणि ती विश्वासार्ह नसल्याचें दिसून आलें.

या सर्व कथांत एक गोष्ट समान आहे. त्यांत मनुष्य लांडग्याच्या घरीं जातो आणि तेथें आपलें मनुष्यपण हरवून बसतो. जो मनुष्य आपला धंदा, आपला देव आणि आपला हिशेब न सोडतां पिढ्यान् पिढ्या लांडग्याच्या शेजारीं राहिला, त्याची गोष्ट या वाङ्मयांत येत नाहीं. असा मनुष्य पाहण्यासाठीं अयोध्येस किंवा मिदनापुरास जाण्याचें कारण नाहीं. तो पुण्याहून दहा कोसांवर भेटतो. तो म्हणजे माळावरचा मेंढपाळ धनगर. दख्खनच्या माळावर लांडगा आजपर्यंत टिकला तो कोणाच्या भूतदयेनें नव्हे आणि केवळ कायद्यानेंही नव्हे. त्याच्या उपजीविकेचा खर्च धनगरानें सोसला म्हणून तो टिकला, असें आमचें मत आहे. तें कोणत्या आधारावर बनलें, हें पुढें सांगतों.

पुणें जिल्ह्याचे सृष्टीनेंच दोन भाग केले आहेत. पश्चिमेस मावळ, तेथें पाऊस, भात आणि झाडी. पूर्वेकडे दिवेघाट चढून गेलें म्हणजे सासवड, जेजुरी, सुपें, बारामती, इंदापूर असा जो मुलूख लागतो, तो पर्जन्यछायेंतला आहे. तेथील जमीन मुरमाड, झाड विरळ, आणि पावसाळा सरला कीं दृष्टि पोंचेल तेथवर पिवळें कुसळी गवत. मेंढीस चिखल व ओल सोसत नाहीं. तिचे खूर कुजतात. म्हणून काळ्या लोकरीची दख्खनी मेंढी पाळणारा हटकर धनगर या कोरड्या पट्ट्यांत वसला. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनीं गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत धनगर समाजाचा जो अभ्यास केला, त्यांत ही वांटणी चांगली दाखविली आहे: सह्याद्रीच्या पावसांत गवळी धनगर म्हशी पाळतो, कोरड्या माळावर हटकर मेंढ्या राखतो, आणि एकाच्या रानांत दुसरा सहसा शिरत नाहीं. मल्हारराव होळकर यांचा जन्म १६९३ सालीं झाला, तो याच मुलुखांत, नीरेकांठच्या होळ गांवीं. ज्या घराण्यानें पुढें माळव्यांत राज्य केलें, त्याचें मूळ असें मेंढरांमागें हिंडणाऱ्या लोकांत आहे.

लांडग्याचा मुलूखही हाच. एल्फिन्स्टनसाहेबाच्या कारकीर्दींत, १८२४ सालीं, सरकारी आंकडेवारी जमविण्याच्या कामावर नेमलेला कर्नल साइक्स हा दख्खनभर फिरला. महसूल आणि लोकसंख्या मोजतां मोजतां त्यानें पशुपक्ष्यांचीही नोंद केली, आणि १८३१ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्रमंडळीपुढें ती मांडली. हिंदी लांडग्यास ‘पॅलिपीस’, म्हणजे फिकट पायांचा, हें शास्त्रीय नांव त्यानेंच दिलें आणि शेजारीं मराठी नांवही लिहून ठेवलें. हा प्राणी दख्खनच्या उघड्या, खडकाळ मैदानांत पुष्कळ आहे, मात्र घाटांतील रानांत तो आढळत नाहीं, असें साइक्सचें निरीक्षण आहे. जगांतील शास्त्रज्ञ ज्यास हिंदी लांडगा म्हणून ओळखतात, त्याचें शास्त्रीय नामकरण अशा रीतीनें आमच्या माळावरच्या प्राण्यावरून झालेलें आहे. मेंढी जेथें राहूं शकते तेथेंच लांडगा राहतो. तेव्हां या दोघांची गांठ पडणें हा योगायोग नव्हे. एकाच कोरड्या हवेनें दोघांसही तेथें आणून सोडलें आहे.

या गांठीचा प्रश्न फार जुना आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांत अश्विनीकुमारांनीं केलेल्या उपकारांचें वर्णन येतें, त्यांत ऋज्राश्वाची एक लहानशी गोष्ट आहे. ऋज्राश्वानें एका वृकीस, म्हणजे लांडगीस, शंभर मेंढे कापून घातले. बाप संतापला आणि त्यानें मुलास आंधळें केलें. तेव्हां त्या लांडगीनेंच अश्विनांची आळवणी केली, आणि अश्विनांनीं ऋज्राश्वास पुन्हां दृष्टि दिली. दोन-चार ऋचांत आटोपलेल्या या कथेंत तीन पक्ष आहेत: ज्याचा कळप आहे तो बाप, जिला भूक आहे ती लांडगी, आणि जो भुकेकडे पाहून दुसऱ्याच्या मालांतून दान करतो तो तरुण. देवांचा निकाल तरुणाच्या आणि लांडगीच्या बाजूनें लागला. बापाच्या शंभर मेंढ्यांचें काय झालें, हें सूक्त सांगत नाहीं. आमच्या मतें या विषयाचें सारें मर्म त्या न सांगितलेल्या गोष्टींत आहे.

आतां धनगरानें हा प्रश्न व्यवहारांत कसा सोडविला तें पाहूं. दिवाळी झाली, खरिपाचीं पिकें निघालीं कीं कित्येक कुटुंबें घोड्यांवर संसार लादून पश्चिमेकडे, कोणी मावळांत तर कोणी घाट उतरून कोंकणांत, मेंढरें नेतात. पावसाळा तोंडावर आला कीं पूर्वेकडील कोरड्या मुलुखांत परततात. या फिरत्या वसाहतीस वाडा म्हणतात. शेतकरी आपल्या रानांत रात्रीच्या मेंढ्या बसवून घेतो, त्यांच्या लेंड्यांचें व मुताचें खत घेतो, आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. रात्रीं मेंढरांभोंवतीं दोरांची जाळी उभी करतात, तिला वाघर म्हणतात. हा शब्द लक्ष देण्यासारखा आहे. संस्कृतांत ‘वागुरा’ म्हणजे हरणें धरण्याचें पारध्याचें जाळें. पारध्याचें तें जाळें धनगराच्या हातीं आल्यावर त्याचा उपयोग उलटा झाला. ज्यानें जनावर धरावयाचें, त्यानें आतां जनावर राखावयाचें. वाघरीबाहेर कुत्रीं, आंत कोंकरें, आणि मध्यें घोंगडी पांघरून अर्धवट झोंपलेला मेंढका, ही या लोकांची रात्र. एक लांडगा समोरून येऊन कुत्र्यांस आपल्यामागें लांब नेतो आणि दुसरा मागच्या अंगानें कोंकरूं उचलतो, असें मेंढके सांगतात. त्या सांगण्यांत रागाइतकेंच कौतुकही असतें.

असें सारें असूनही वर्षाकाठीं कांहीं मेंढरें जातातच. तीं गेलीं म्हणजे ‘त्याचा वाटा होता, त्यानें नेला’ अशा अर्थाचे उद्गार धनगरांच्या तोंडून निघतात. शहरांतील मनुष्य हें ऐकून भारावून जातो आणि त्यांत अहिंसा, अद्वैत वगैरे शोधूं लागतो. आम्हांस ती भाषा तत्त्वज्ञानाची वाटत नाहीं. ती हिशेबाची वाटते. ज्याच्या शेतांत पीक येतें त्यानें बलुतेदारांस वाटा द्यावा, ही ज्या मुलुखाची रीत, तेथील मेंढपाळानें आपल्या तोट्यासही वाट्याचें नांव दिलें. वाटा या शब्दांत कबुली आहे तशी मर्यादाही आहे. वाटा घेणारा सबंध पीक नेऊं लागला तर तो वाटेकरी राहत नाहीं, चोर ठरतो. म्हणूनच ज्या वर्षीं लांडग्यांचा उपद्रव फार वाढला त्या वर्षीं बिळांत धूर करून किंवा बिळाचें तोंड बुजवून पिलें मारण्याचे प्रकारही याच माळांवर घडले आहेत. हा इतिहास झांकण्यांत अर्थ नाहीं. धनगर हा ऋषि नव्हता; तो नुकसानीचें मोजमाप ठेवणारा मनुष्य होता, आणि बहुतेक वर्षीं त्याच्या मोजमापांत लांडगा बसत होता.

या मोजमापास त्याच्या देवाचाही आधार होता. जेजुरीचा खंडोबा हा या मुलुखाचा धनी. त्याची दुसरी बायको बाणाई ही धनगराची मुलगी. तिच्यासाठीं देवानें वेष पालटून तिच्या बापाच्या घरीं मेंढरें राखण्याची चाकरी धरली, त्या चाकरींत त्यानें मेंढरें मारलीं आणि बाणाईच्या लग्नाचें वचन मिळाल्यावर पुन्हां जिवंत केलीं, अशी लोककथा आहे. खंडोबाचे वाघ्ये नांवानें वाघ, पण वागण्यानें देवाचे कुत्रे. कोटंब्यांत भिक्षा घेऊन ते कुत्र्याप्रमाणें भुंकतात. हायडेलबर्गचे विद्वान् गुंथर सोंथायमर यांनीं खंडोबा, म्हसकोबा आणि बिरोबा या मेंढपाळांच्या देवांवर आयुष्य वेंचलें आणि १९७६ सालीं त्यांवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या लिखाणावरून ध्यानांत येतें कीं, रान आणि गांव, शिकार आणि राखण, ह्या या लोकांच्या मनांत अगदीं वेगळ्या काढलेल्या कोठड्या नव्हत. जो राखतो तोच मारूं शकतो, आणि ज्याचें नांव वाघ तो दाराशीं बसून राखण करतो. ज्यांचा देवच असा आहे, त्यांस लांडगा हा सृष्टीबाहेरचा राक्षस वाटला नाहीं, यांत नवल काय?

हें सहज घडणारें नव्हतें, याची खात्री इतर देशांकडे पाहिलें म्हणजे पटते. इंग्लंडची संपत्ति शेंकडों वर्षें लोकरीवर उभी होती, आणि तेथें पंधरावें शतक संपण्याच्या सुमारास लांडगा नाहींसा झाला. जपानच्या मुख्य बेटावरचा शेवटचा ज्ञात लांडगा १९०५ सालीं मारला गेला. इंग्रज येथें आले ते हीच समजूत बरोबर घेऊन आले. हिंसक जनावर म्हणून लांडग्याच्या शिरावर बक्षीस लागलें. इतिहासकार महेश रंगराजन यांनीं सरकारी दप्तरांवरून दाखविलें आहे कीं, १८७५ पासून १९२५ पर्यंतच्या पन्नास वर्षांत हिंदुस्थानांत ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखांहून अधिक बिबटे आणि सुमारें दोन लाख लांडगे मारले गेले. वाघाच्या शिकारीचीं छायाचित्रें दिवाणखान्यांत लागलीं. लांडग्याची मोजदाद मात्र सुमारें अडीचपट असूनही त्याच्यासाठीं कोणी हळहळलें नाहीं. इतकें होऊनही दख्खनचा लांडगा संपला नाहीं. ज्याच्या हितासाठीं म्हणून तीं बक्षिसें होतीं, त्या मेंढपाळाचा निश्चय इंग्लंडांतील मेंढपाळासारखा असता, तर तो संपला असता असें आम्हांस वाटतें.

परंतु मोजमाप बिघडविणाऱ्या गोष्टी दुसरीकडून आल्या. पूर्वीं लांडग्याचें पोट केवळ मेंढरांवर नव्हतें. काळविटांचे आणि चिंकारांचे कळप या माळांवर होते. बंदुका सुधारल्या, पुढें मोटारी आल्या, आणि शिकारीच्या हौसेंत हे कळप विरळ झाले. आज कर्जत तालुक्यांतील रेहेकुरीस काळविटांसाठीं आणि सुप्याजवळ चिंकारांसाठीं अभयारण्यें राखावीं लागली आहेत. पैकीं पहिलें १९८० चें, दुसरें १९९७ चें. सुप्याचें मयूरेश्वर अभयारण्य पांच चौरस किलोमीटरांहून थोडेंसेंच मोठें आहे. लांडग्यांच्या एका टोळीस लागणाऱ्या मुलुखाच्या मानानें तें अंगणाएवढें. हरणांचा वाटा बंद झाला तेव्हां तो सारा भार मेंढरांवर पडला. शिकार साहेबानें आणि संस्थानिकानें केली. तिची किंमत धनगरानें दिली.

दुसरी गोष्ट जमिनीची. मुंबई इलाख्याच्या रयतवारी मोजणीची जी पद्धति पुढें सर्वत्र लागू झाली, तिचा आरंभ १८३५ सालीं गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनीं इंदापूर तालुक्यांत केला. ज्या जमिनीचा सारा येत नाहीं ती पडीत, आणि पडीत जमीन लागवडीस आणणें हें राज्यकर्त्याचें कर्तव्य, असें त्या पद्धतीचें धोरण होतें. दुष्काळानें गांजलेल्या रयतेस त्यांतून दिलासा मिळाला हें खरें. पण मेंढपाळाची आणि लांडग्याची जी सबंध दुनिया, तिचें दप्तरी नांव तेव्हांपासून ‘पडीत’ असें पडलें आणि तें अजून पुसलें गेलें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नीरेचा डावा कालवा आला, १९८० च्या सुमारास भीमेवर उजनीचें धरण पुरें झालें, आणि बारामती-इंदापुराकडे उंसाचा हिरवा पट्टा पसरला. उंसांत बिबट्यास लपण मिळालें. जुन्नरकडे त्याचा जो प्रश्न उभा राहिला आहे तो सर्वांस ठाऊक आहे. लांडग्यास उंसाचा तसा उपयोग नाहीं. त्यास उघडा माळ हवा. उरलेल्या माळांवर कोठें कारखाने उठले, कोठें घरांसाठीं भूखंड पडले, तर कोठें वनखात्यानेंच गवत उखडून ग्लिरिसिडियासारखीं परकीं झाडें लावलीं, कारण झाड नाहीं तें रान नव्हे अशी समजूत आपल्या सर्वांच्या मनांत घट्ट बसलेली आहे.

आतां कायदा लांडग्याच्या बाजूनें आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास वाघाच्या बरोबरीचें संरक्षण मिळतें. लांडग्यानें मेंढरूं मारल्यास सरकारी भरपाईचीही तरतूद आहे. परंतु ती मिळविण्यास ठराविक मुदतींत वर्दी द्यावी लागते, मेलेलें जनावर जागेवर ठेवावें लागतें, पंचनामा व्हावा लागतो. ज्याचा तळ आज एका गांवीं आणि उद्यां दुसऱ्या, त्यानें शंभर मेंढ्या उपाशी ठेवून एका कोंकरासाठीं अधिकाऱ्याची वाट पाहावी, ही अपेक्षा घरांत राहणाऱ्या मनुष्यानेंच केलेली असली पाहिजे. बापू छत्रे यांनीं १८२८ सालीं इसापनीति मराठींत आणल्यापासून ‘लांडगा आला रे आला’ म्हणून खोटें ओरडणारा धनगराचा पोरगा आमच्या मुलांच्या परिचयाचा झाला. त्या गोष्टीनें मुलें सत्यवचनी झालीं कीं नाहीं न कळे. मात्र मेंढपाळानें लांडगा आला म्हटलें कीं प्रथम पुरावा मागावयाचा, ही संवय मोठ्यांस खास जडली आहे.

शास्त्रज्ञांनीं अलीकडे जें शोधून काढलें आहे, त्यानें या प्रश्नाचें मोल वाढतें. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानें दाखविलें कीं, हिंदी लांडगा ही आज जिवंत असलेल्या लांडग्यांतील अत्यंत प्राचीन आणि वेगळ्या पडलेल्या शाखांपैकीं एक आहे. २०२२ च्या एका अंदाजाप्रमाणें सबंध देशांत असे लांडगे सुमारें ३,१०० आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे अभयारण्यांबाहेर, माणसांच्या गुरामेंढरांत राहतात. २०२३ सालीं आणखी एक चिंतेची बाब सिद्ध झाली: पुण्याजवळच्या माळावर लांडग्यांचा आणि कुत्र्यांचा संकर झाला आहे. शहरें वाढलीं, त्यांचा उकिरडा माळावर येऊन पडला, त्यावर भटकीं कुत्रीं पोसलीं, आणि जेथें लांडग्यास जोडीदार मिळेनासा झाला तेथें हें घडलें. बक्षिसानें आणि बंदुकीनें जें झालें नाहीं, तें आमच्या कचऱ्यानें होऊं पाहत आहे.

या सर्वांवरून आमचा निष्कर्ष असा कीं, लांडगा आणि मेंढपाळ यांचा प्रश्न दोन वेगळ्या खात्यांत टाकून सुटणारा नाहीं. आज धनगराचीं मुलें मेंढरांमागें जाण्यास राजी नाहींत, आणि त्यांनीं जावेंच असें म्हणण्याचा अधिकार खुर्चींत बसून लिहिणाऱ्या आम्हांस नाहीं. परंतु जे अजून जातात त्यांच्या वाटा मोकळ्या राहाव्यात, गांवांची गायरानें आणि माळ पडीत म्हणून वांटले जाऊं नयेत, गवताच्या रानास गवताचें रान म्हणूनच राखावें, आणि भरपाई तळावर जाऊन चार दिवसांत हातीं पडावी, एवढें तर करतां येण्यासारखें आहे. सासवडच्या किंवा इंदापुरच्या माळावर मोटारींतून लांडगा पाहण्यास जाणारा पुणेंकर आतां वाढत चालला आहे. तो आनंद खरा आहे आणि त्यास आमची हरकत नाहीं. त्यानें इतकेंच ध्यानांत ठेवावें कीं, समोर उभा असलेला प्राणी कोणाच्या तरी मेंढरांवर वाढलेला आहे. ऋज्राश्वानें लांडगीस मेंढे घातले ते आपल्या बापाचे होते. लांडगा हवा असेल तर या पुढचा वाटा तरी सर्वांनीं मिळून द्यावा; तो एकट्या धनगराच्या कळपांतून घेत राहणें न्यायाचें नाहीं, आणि फार दिवस चालण्यासारखेंही नाहीं.